पाहणी

व्हर्ना म्हण, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत.
जीभ वळेना. मनात बाई म्हणत राहिले
आणि तोंडाने काहीच नाही, अख्खं एक सत्र.

टोलेडो, ओहायो. लॅग्रेंज रस्ता.
तुमचा गुरुवारचा वर्ग विद्यापीठात भरत नसे.
नाणी टाकून कपडे धुण्याच्या दुकानात,
चौदा नंबरच्या ड्रायरसमोर
नारिंगी खुर्च्यांवर आम्ही नऊ जण
आणि कपडे वाळेपर्यंत अडकलेली वस्ती.
"इथे माणूस चाळीस मिनिटं बसतोच," तुम्ही म्हणायचात,
"एवढा वेळ मला डीनही देत नाहीत."

माझ्या हातात बेचाळीस प्रश्नांची पाहणी.
तिसऱ्या प्रश्नाला ओडेसा प्रुइटने टॉवेलची घडी मोडली,
पुन्हा घातली, आणि विचारलं:
गेल्या साली एक पोरगा आला होता, त्याच्या आधी दोघी.
माझ्या लेकराच्या रक्तात शिसं किती, तिघांनी लिहून नेलं.
ते कागद कुठेत?

मी तुमच्याकडे पाहिलं.
तुम्ही जमिनीकडे.
"दोघींचे माझ्या कपाटात आहेत," म्हणालात.
ड्रायरमध्ये कुणाच्या तरी शर्टाचं बटण
पत्र्यावर टक टक आपटत राहिलं.

आमच्या भाषेत, बाई, पाहणी म्हणजे नुसतं पाहणं.
जमीन पाहतात, मुलगी पाहतात,
पूर ओसरला की साहेब जीपमधून नुकसान पाहतात.
पाहणारा परत जाणार, हे शब्दातच ठरलेलं.
हे सांगायला तेव्हा माझं इंग्रजी पुरलं नसतं.
ओडेसाचं पुरलं.

पुढच्या गुरुवारी तुम्ही खोकं आणलंत, तिच्या मांडीवर ठेवलंत.
तिने सात रात्री वाचलं, पेन्सिलीने खोडलं:
भिंत नाही, खिडकीची चौकट.
तो चौकट चाटायचा. रंग गोड लागतो, तुम्ही चाखलाय?
बेचाळीस प्रश्नांचे तिने आठ केले.
पहिला: घरमालकाचं तोंड कधी पाहिलंत का?

अहवाल निघाला एका कागदाचा, पाठपोट,
साबणाच्या यंत्रावर चिकटवलेला. आधी तिचं नाव, मग तुमचं.
कमिटीने विचारलं, हे कुठे छापून आलंय?
चार वर्षं बढती अडली.
हे मला तुम्ही नाही, ऑफिसातल्या डोलोरेसने सांगितलं.

मलबेरी रस्त्यावरचं एक कुटुंब
आपल्या तक्रारीनंतर आठवड्यात रस्त्यावर आलं.
डिसेंबर होता.
दर वर्षी पहिल्या तासाला ही गोष्ट तुम्ही सांगायचात,
"आपली तक्रार" न म्हणता "माझी" म्हणत.
एखादा विद्यार्थी विचारायचा, मग करायचं काय?
तुम्ही खुर्ची सरकवायचात.
उत्तर मी कधी ऐकलं नाही.

एकतीस वर्षं. खिडक्या बदललेली घरं दोनशे सहा.
निरोपाच्या दिवशी हा आकडा डीननी दोनदा वाचला.
न बदललेल्या घरांची वही तुमच्या पर्समध्ये होती.
केक न कापताच तुम्ही निघालात, मोजे धुवायचे राहिलेत म्हणून.
लोकांना विनोद वाटला.

आता गुरुवार माझा.
ओडेसाचे गुडघे गेलेत, तरी येते.
आयझाया सत्तावीसचा झाला, यंत्रं दुरुस्त करतो.
बोलता बोलता त्याचा एखादा शब्द हरवतो.
वर्ग थांबतो. कुणी शब्द पुरवायचा नाही, हा तुमचाच नियम.
वाट पाहतो.
हेही पाहणंच की, बाई,
इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आज एक नवा मुलगा आला, टॅबलेट घेऊन.
प्रश्न किती, मी विचारलं नाही.
त्याने घसा साफ केला, पहिला वाचायला घेतला,
तेवढ्यात ओडेसाने त्याच्यापुढे ओली चादर धरली:
ते टोक पकड. आधी पीळ काढू.